इश् लेर्नो

४ फेब्रुवारी

मुलीचा फोन. तिकडच्या हॉस्पिटलात नर्स होऊन तिला आता बरीच वर्षं झाली. फोन नेहमीचाच, पण आवाज नेहमीचा नव्हता. लग्न ठरवलंय म्हणाली. मुलगा तिकडचाच. सुतार आहे, लाकडी जिने बनवतो. एप्रिलमध्ये दोघं भेटायला येणार.

मी म्हटलं, ठरवलंय, की विचारतेयस?

म्हणाली, बाबा, कळवतेय.

ही शेजारीच उभी होती. तिला इतकं आश्चर्य वाटलं, की तिला आधीपासून सगळं माहीत होतं याबद्दल माझी खात्री पटली.

मुलाला जर्मन येतं. इंग्लिश थोडं येतं, पण त्याचं थोडं आणि माझं थोडं हे वेगवेगळ्या पानांवरचं असणार. ही म्हणाली, अहो, त्यात काय, पोरगी सांगेल की तुमचं त्याला आणि त्याचं तुम्हाला. म्हणजे चौकशी मुलाची, आणि उत्तरं ऐकायची तिच्या तोंडून. माझा प्रश्न तिकडे पोचेपर्यंत गोड होणार, आणि त्याचं उत्तर इकडे येईपर्यंत त्याहून गोड.

निर्णय : जर्मन शिकायचं. मुलाला समोर बसवून एकच प्रश्न विचारायचा, माझ्या मुलीला सुखी करतोस का? त्याच्या भाषेत, माझ्या तोंडानं. उत्तर पटलं तर माझा होकार. नाही पटलं तर नाही. बापाकडे एवढं तरी शिल्लक राहायला हवं.

५ फेब्रुवारी, पहाटे

माळ्यावर मुलीचं जुनं जर्मनचं पुस्तक सापडलं. जाण्याआधी ती क्लासला जायची तेव्हाचं. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलनं मराठीत उच्चार आणि अर्थ. अक्षर माझ्यावर गेलंय.

मी गावच्या शाळेत शिकलो. गुरुजींनी विभक्तीचे प्रत्यय असे ठोकून बसवले, की अजून शिंक आली तरी तिच्यामागून 'स, ला, ते' बाहेर येईल असं वाटतं. तेव्हा व्याकरणाची भीती नाही. उच्चारांची तर मुळीच नाही. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. कुठला आवाज काढताना जीभ कुठल्या दाताला टेकते, हे मला विचारावं. जबडा हा माझा विषय आहे.

देवाला नमस्कार करून पुस्तक उघडलं. त्याला सगळ्या भाषा येतात. मी मात्र मागणं मराठीतच मागितलं. उगाच घोटाळा नको.

७ फेब्रुवारी

'मी' या शब्दाला ते 'इश्' म्हणतात.

पन्नाशीला टेकलेल्या माणसानं सकाळी उठून बंद दाराआड 'इश्, इश्' करायचं, हे अवघड जातं. जीभ टाळूच्या जवळ न्यायची, पण टेकवायची नाही, हवा हळू सोडायची. सराव करत होतो. ही दार ढकलून आत आली, बघत राहिली. म्हणाली, लग्नात मी म्हणायची राहिले, ते आता तुम्ही म्हणताय का?

शिकणाऱ्या माणसाला घरातून असं प्रोत्साहन.

१० फेब्रुवारी

क्रियापद चालवलं. 'करणे' याला 'माखन'. आपल्याकडे माणूस चिखलात माखतो, त्यांच्याकडे काम करताना. विचार केला तर फार फरक नाही.

दुपारी, प्लास्टर वाळत असताना, एक मोठा शोध लागला. 'तू करतोस' याला ते 'दू माख्स्ट' म्हणतात. 'करतोस'मध्ये स आहे. 'माख्स्ट'मध्येही स आहे. 'तू आहेस', 'दू बिस्ट'. तिथेही स! 'तू' म्हटलं की दोन्हीकडे स हजर. आपली भाषा आणि त्यांची भाषा या सख्ख्या बहिणी आहेत. कदाचित आपली थोरली.

संध्याकाळी मेहुणा आला होता. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्यामुळे समोरचा माणूस चुकणार असं तो धरूनच चालतो. त्याला शोध सांगितला. म्हणाला, दाजी, बहिणी असतील तर बोलणं टाकलेल्या असतील.

निर्णय : मेहुण्याशी यापुढे भाषेबद्दल बोलायचं नाही.

१४ फेब्रुवारी

आज जे लक्षात आलं, ते मुलीच्या क्लासच्या शिक्षकांच्याही लक्षात आलं नसावं.

पुस्तकात 'इश् लेर्ने'. खाली पेन्सिलनं : मी शिकते. 'इश् कोमे' : मी येते. 'इश् माखे' : मी करते. सगळीकडे ते, ते, ते. म्हणजे हे रूप बायकांचं! मी चार-पाच दिवस 'इश् माखे, इश् माखे' करत घरभर फिरतोय. कुणी ऐकलं असेल तर काय म्हणालं असेल?

पुरुषांचं रूप पुस्तकात कुठेच नाही. मुखपृष्ठावर बाईचंच चित्र आहे, तेव्हाच समजायला हवं होतं. बायकांच्या क्लाससाठी काढलेलं पुस्तक असणार. पण मराठी माणसाला पुरुषाचं रूप सांगावं लागत नाही. शिकते – शिकतो. येते – येतो. म्हणून :

इश् लेर्नो.
इश् कोमो.
इश् माखो.

म्हणून पाहिलं. घर भरून गेलं. 'इश्'मधला लाजरेपणासुद्धा 'माखो'नं धुऊन काढला.

'तो येतो' आणि 'ती येते' या दोन्हींना मात्र ते 'कोम्ट' हेच एक रूप वापरतात. असेल. जो समोर नाही तो पुरुष आहे की बाई, याच्याशी त्यांना देणंघेणं नसावं. शिस्तीची माणसं.

२१ फेब्रुवारी

त्यांच्या एका अक्षराचा उच्चार 'त्स' असा करतात. पुस्तकात त्याला पाऊण पान खर्ची घातलंय. हा तर आपल्या चुलीतला च! पाऊण पान वाचवलं आणि लवकर झोपलो.

अवघड आहे तो दुसराच स्वर. ओठ 'ऊ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. लॅबमध्ये मेण गरम होईपर्यंत करत बसलो. वरच्या मजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई साचे घ्यायला खाली आल्या. मला बघून थबकल्या. म्हणाल्या, दाढ दुखतेय का तुमची? वर या, बघते. नको म्हटलं, जर्मन आहे. त्या म्हणाल्या, अंगावर काढू नका.

२८ फेब्रुवारी

वाईट दिवस. पण दोष माझा नाही.

एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांची नवी कवळी बसवायची होती. कवळी बसली की माणसाला आकडे मोजायला लावतात, म्हणजे शीळ वाजते का, घट्ट बसलीय का, ते कळतं. डॉक्टरीणबाईंनी मला मदतीला वर बोलावलं होतं. मला वाटलं, मराठी आकडे काय, कुठलीही कवळी म्हणेल. खरी परीक्षा जर्मन आकड्यांनी होईल. वकीलसाहेबांना म्हटलं, म्हणा, त्स्वान्त्सिश, म्हणजे वीस. ते म्हणाले. कवळी बाहेर आली आणि डॉक्टरीणबाईंच्या चहात पडली.

बाईंनी चमच्यानं ती बाहेर काढली. मग म्हणाल्या, ह्या गावात कुठल्या वकिलाला जर्मनमध्ये युक्तिवाद करायचाय हो? इथून पुढे मराठी आकडे. आणि माझ्या समोर.

८ मार्च

मध्ये काही दिवस अभ्यास झाला नाही. कवळ्यांची गर्दी होती, शिवाय मेंदूला मुरायला वेळ द्यावा लागतो.

आज काही क्रियापदं अशी भेटली, की 'मी' असताना सरळ वागतात आणि 'तू' आला की आतून बदलतात. 'मी झोपतो' याला 'श्लाफो', पण 'तू झोपतोस' याला 'श्लेफ्स्ट'. मी झोपलो तर आ, तू झोपलास तर ए. आधी राग आला. मग आठवलं, आपणही 'जातो' म्हणतो आणि गेल्यावर 'गेलो' म्हणतो. ज चा ग होतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मनातल्या मनात त्यांना माफ केलं.

ही म्हणाली, तिला फोन करून विचारा ना दोन-चार गोष्टी. मी म्हटलं, आरोपीच्या बाजूच्या साक्षीदाराला आधी प्रश्न दाखवतात का? ही म्हणाली, सुताराला आरोपी करून टाकलात होय?

तिला 'उमेदवार' हा शब्द सुचवला. आजपासून तोच वापरणार.

१६ मार्च

मुलीचा फोन. हिनं फोडलंच. मुलगी म्हणाली, बाबा, जर्मन शिकताय? बोलून दाखवा ना! मी म्हटलं, समोर आल्यावर. ती म्हणाली, एक वाक्य तरी, काही चुकत असेल तर आत्ताच सांगते. मी म्हटलं, पाया पक्का आहे.

ती हसली. लहानपणी माझ्या पाठीवर बसून हसायची तसं. तेवढ्यापुरतं प्रश्न, परीक्षा, सगळं विसरायला झालं. मग पुन्हा आठवलं.

२६ मार्च

'तू'ला दू. 'आपण'ला झी. गंमत म्हणजे 'ती'लाही झीच.

यावर नीट विचार केला, आणि सगळी योजना तयार झाली. उमेदवार घरात आल्यापासून त्याच्याशी 'दू'नं बोलायचं. वयानं लहान आहे, आणि अजून कोण लागतो आपला? प्रश्नही 'दू'नंच. पण उत्तर पटलं, की त्या क्षणाला मी 'झी'वर जाणार. एकदम. जावई झाला की त्याला अहो-जाहो करायचं असतं, तो कितीही लहान असो. तोंडानं होकार द्यायची गरजच नाही. नुसत्या क्रियापदानं त्याला कळेल की या घरानं त्याला मान दिला.

इतकी सुंदर गोष्ट मला सुचली, यात माझं काही नाही. वरून सुचवली गेली.

६ एप्रिल

प्रश्न तयार. 'माख्स्ट दू माइने टोख्टर ग्ल्यूक्लिश?' तू माझ्या मुलीला सुखी करतोस का? तो ऊ-ई चा स्वर नेमका 'सुखी'मध्येच आलाय.

बाकावरच्या प्लास्टरच्या जबड्याला पुन्हा पुन्हा विचारलं. तो हसल्यासारखा दिसला. पण जबडे सगळेच तसे दिसतात.

१२ एप्रिल

आले. उमेदवार दारातून वाकून आत आला इतका उंच. आल्या आल्या आमच्या जिन्याचा कठडा हलवून पाहिला आणि मान हलवली. पसंत नाही असं दिसलं. माझ्याच घरात माझ्या आधी यानं परीक्षा घेतली.

चहा झाला. सगळे बसलेले. मेहुणाही आला होता, त्याला कसं कळतं देव जाणे. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली : इश् लेर्नो डॉइच. इश् वोनो हीर. इश् हाबो आइने टोख्टर.

मी जर्मन शिकतो, मी इथे राहतो, मला एक मुलगी आहे. एकही अडखळण नाही.

उमेदवाराचा चेहरा खुलला. तो मुलीकडे वळून काहीतरी बोलला, आणि ती हसत हसत खुर्चीतून खाली बसली. मी म्हटलं, काय म्हणतोय? ती डोळे पुसत म्हणाली, बाबा, तो म्हणतोय, तुझ्या वडिलांचं इटालियन फारच छान वाटतं ऐकायला, पण मला एक अक्षर येत नाही, माफ करा म्हणून सांग.

मेहुणा म्हणाला, दाजी, गाडी दुसऱ्याच देशात नेऊन लावलीत.

माणूस खेड्यातला असावा. शुद्ध भाषा कानावर पडलेली नसणार.

१३ एप्रिल

सकाळी मुलगी पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, बाबा, हे मी माझ्यासाठी लिहिलं होतं. शिकत मी होते, म्हणून 'शिकते' लिहिलं. त्यांच्याकडे बाई काय आणि पुरुष काय, दोघंही 'लेर्ने'च म्हणतात.

म्हणजे तिकडचे सगळे पुरुष, पोलीस, न्यायाधीश, सुतार, सगळे 'मी येते, मी करते' असं बोलतात, आणि एवढ्या मोठ्या देशात कुणाला काही वाटत नाही. पुस्तकावर तरी लिहायला हवं होतं.

पण एक गोष्ट लक्षात आली आणि जिवात जीव आला. माझ्या प्रश्नात 'दू' आहे, 'माख्स्ट' आहे, मुलगी आहे. 'मी' कुठेच नाही. तेव्हा तो प्रश्न शंभर टक्के शुद्ध आहे.

१४ एप्रिल, दुपारी

विचारला.

दोघी बाजारात गेल्या होत्या. उमेदवार आमचा कठडा दुरुस्त करत होता. त्याला स्टुलावर बसवलं, समोर मी बसलो, मनात देवाचं नाव घेतलं आणि विचारलं. स्वर नेमका आला. ओठ ऊ, आत ई.

त्याला कळलं! एका झटक्यात कळलं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यानं खाली ठेवला. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला : दास म्यूसेन झी या झी फ्रागेन.

'या' मी स्वच्छ ऐकलं. 'या' म्हणजे होय. शिवाय मागेपुढे 'झी', म्हणजे मला दोन-दोनदा मान. बाकीचे शब्द भावनेचे असावेत.

माझे डोळे भरून आले. त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि ठरवल्याप्रमाणे 'झी'वर गेलो. डांके, म्हटलं. झी झिंड गूट. कोमेन झी. एसेन झी. धन्यवाद, आपण चांगले आहात, आपण या, आपण जेवा.

त्याचा चेहरा पांढरा पडला. भारावला बिचारा.

१४ एप्रिल, संध्याकाळी

भारावला नव्हता.

तो बाहेर जिन्यात जाऊन बसला तो आत येईना. जेवणाला नको म्हणाला. मुलगी लाल डोळ्यांनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाबा, काय बोललात तुम्ही त्याला? दोन दिवस दू, दू करत होतात. त्याला वाटलं, घरचा मानलं. त्यानं तुमच्या कसल्या तरी प्रश्नाचं उत्तर दिलं आणि तुम्ही एकदम झीवर गेलात. तिकडे एकदा दू झालं आणि परत झी केलं, की संबंध संपला असा अर्थ होतो. त्याला वाटतंय तुम्ही नकार दिलात.

मी म्हटलं, अगं, मी तर होकार दिला. जावयाला अरे-तुरे कसं करणार?

ती बाहेर गेली, त्याला समजावलं. त्याच्या हसण्याचा आवाज आला, पण अर्धाच.

शेवटी ही उठली. हिला जर्मनमधलं एक अक्षर येत नाही. जिन्यात गेली, त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, ऊठ रे, गार होतंय सगळं. तो उठला, हात धुतले, पोटभर जेवला.

इतके दिवस मी क्रियापदं चालवली. आणि त्याला हिचं 'रे' कळलं.

१५ एप्रिल

मुलगी म्हणते, काय विचारलं होतंत ते तो मला सांगत नाही. म्हणतो, ते तुझ्या वडिलांचं आहे. मीही सांगितलं नाही. माणूस खानदानी आहे, हे मान्य करायला हवं.

मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, वाक्याच्या मध्ये 'या' आलं तर होयच ना? म्हणाली, नाही हो बाबा, मध्ये आलेलं 'या' म्हणजे आपलं 'की'. 'येते की', 'आहे की', त्यातलं. त्याला होय-नाही काही अर्थ नसतो.

दुपारी लॅबमध्ये पुस्तक नेलं आणि ते वाक्य एकेक शब्द करून लावलं. म्यूसेन म्हणजे लागणे. फ्रागेन म्हणजे विचारणे. पहिलं झी म्हणजे आपण. दुसरं झी मान नव्हता. दुसरं झी म्हणजे ती.

'ते तुम्हाला तिलाच विचारायला लागेल की.'

मेण गरम करायची बत्ती जळत राहिली. डॉक्टरीणबाई साचा मागायला आल्या, मला बघून न मागता गेल्या.

म्हणजे होय नव्हतं. नाहीही नव्हतं. मी ज्याला होकार दिला, ते उत्तरच नव्हतं. आणि माणूस बरोबर बोलला. प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला. ज्या माणसाला विचारायला हवा, ती माझ्याच घरात होती, आणि तिला मराठी येतं.

१७ एप्रिल

उद्या जाणार. निर्णय : आज विचारायचं. तू सुखी आहेस का? वाक्य सोपं आहे. व्याकरणाची काही अडचण नाही.

ती बॅग भरत होती. मी जवळ जाऊन बसलो. एक-दोन कपडे घडी करून दिले. मग विचारलं, तिकडे थंडी किती पडते? तिनं सांगितलं. बरीच पडते.

पुन्हा सुरुवात केली, तर मध्येच ही आली. मग तो आला. त्याच्यासमोर कसं विचारणार? त्याला मराठी येत नाही, पण मला वाटलं, हे त्याला कळेल.

१८ एप्रिल

गेले. कठडा आता हलत नाही.

२० एप्रिल, सकाळी साडेसात

मुलीचा फोन. पोचलो म्हणाली. मी विचारलं, सामान सगळं आलं का? आलं म्हणाली. त्याचं बरं आहे ना? बरं आहे. ही स्वयंपाकघरात होती, आसपास कुणी नव्हतं, लाइनही अगदी साफ होती.

ती म्हणाली, बाबा, आणखी काही विचारायचंय का?

मी म्हटलं, नाही.

उच्चार एकदम शुद्ध आला.